धरणाची पातळी कळते, कारभाराची का कळत नाही?

पावसाळा सुरू झाला की उल्हास खोऱ्यातील शहरांत एक प्रश्न घरोघरी विचारला जातो : बारवी किती भरले? बदलापूरहून मुरबाडच्या दिशेने जाताना लागणारे हे धरण 1970च्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांना पाणी पुरवण्यासाठी बांधले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि कारखान्यांच्या बरोबरीने उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीपासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या लाखो कुटुंबांची तहान त्यावर भागू लागली. धरणातून सोडलेले पाणी जांभूळ येथे उचलले जाते, शुद्ध होते आणि नळाला येते. नळ उघडणाऱ्या गृहिणीने धरण पाहिलेलेही नसते. पण पातळीचा आकडा ती वर्तमानपत्रात वाचते आणि त्यावरून उन्हाळ्याचा अदमास बांधते.

या साध्या व्यवहारात सार्वजनिक जीवनाचे एक तत्त्व दडलेले आहे. धरणावर लोकांचा विश्वास असतो, तो श्रद्धेपोटी नव्हे. पातळी मोजली जाते, ती जाहीर होते, दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या गावांना इशारा द्यावा लागतो. 2021च्या धरण सुरक्षितता कायद्याने तर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासणी बंधनकारक केली आहे. तपासता येते म्हणूनच विश्वास ठेवता येतो. नेमकी हीच कसोटी त्याच शहरांच्या पोलीस ठाण्यांना, शाळांना आणि शासनाला लावली तर काय आढळते?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरने या प्रश्नाचे उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळवले. एका शाळेतील शिशुवर्गाच्या दोन बालिकांवर शाळेच्या आवारातच लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक 16 ऑगस्टला पोलिसांकडे गेले. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्यांना दहा तासांहून अधिक काळ ताटकळावे लागले. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा 2012चा कायदा असे सांगतो की, अशा गुन्ह्याची माहिती ज्याला असेल त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हाही गुन्हा आहे. कायदा होता, ठाणे होते, शाळेत कॅमेरेही होते. मात्र या कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण उपलब्ध नसल्याचे पुढे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले.

20 ऑगस्टला बदलापूरची माणसे रेल्वे स्थानकात उतरली. हे शहर रोज पहाटे लोकलने मुंबईला जाते आणि रात्री झोपण्यापुरते परत येते. 2001 साली लाखाच्या आत असलेली त्याची वस्ती 2011 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांवर गेली होती. मुंबईत घर न परवडणाऱ्या कारकुनाने, कामगाराने, परिचारिकेने, दुकानात उभे राहून नोकरी करणाऱ्या मुलीने हे शहर वसवले. दिवसाचे चार तास गाडीत उभे राहून काढणाऱ्या आईबापांना आपले मूल कोणाच्या तरी भरवशावर सोडावेच लागते. तो भरवसा तुटल्यावर त्यांनी आपल्या रोजीरोटीची वाटच अडवली. सुमारे दहा तास गाड्या बंद होत्या. शासनाकडून यावर लाठीमार झाला, गुन्हे दाखल झाले, धरपकड झाली, शहरातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. आंदोलन राजकीय हेतूने प्रेरित होते आणि त्यात बाहेरची माणसे होती, असे तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी म्हटले.

त्या गर्दीत ‘लाडकी बहीण’ योजनेचा उल्लेख करणारे फलक होते. महिना दीड हजार रुपयांऐवजी मुलीची सुरक्षितता द्या, असा त्यांचा आशय होता. हे फलक कोणी आणले याची चौकशी करण्यात सत्ताधाऱ्यांनी जितका रस दाखवला, तितका त्यांतील अर्थशास्त्रात दाखवला नाही. राज्यसंस्था नागरिकाला दोन प्रकारे देते. एक देणे रोख असते. ते खात्यात पडते, त्याचा फोटो काढता येतो, मतदानापूर्वी त्याची आठवण करून देता येते. दुसरे देणे सामाईक असते : वेळेवर तक्रार लिहून घेणारे ठाणे, दिव्याखालचा रस्ता, शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहापाशी पगारी आणि प्रशिक्षित सेविका. दुसरे देणे महाग असते आणि त्यावर नाव कोरता येत नाही, म्हणून ते मागे पडते. प्रस्तुत प्रकरणातील आरोपी हा कंत्राटदारामार्फत त्याच महिन्याच्या आरंभी शाळेत कामाला आला होता. साफसफाई, पहारा, मुलांची ने-आण ही सारी कामे कमीत कमी दराच्या कंत्राटावर सोपवली की माणसाची पारख करण्याची जबाबदारी शाळेची राहत नाही, कंत्राटदाराची होत नाही, आणि अखेर ती कोणाचीच उरत नाही. कंत्राटी माणूस गुन्हेगार असतो असा याचा अर्थ मुळीच नव्हे. बिनजबाबदारीची ही साखळी जाणूनबुजून, काटकसरीच्या नावाखाली उभी केली जाते, एवढाच याचा अर्थ आहे.

शासनाने उपाय योजला तो तातडीने. 21 ऑगस्टच्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांना एका महिन्याच्या आत कॅमेरे बसवण्यास फर्मावले. न बसवल्यास अनुदान रोखण्यापासून मान्यता काढून घेण्यापर्यंत कारवाईची ताकीद दिली. ज्या शाळेत कॅमेरे असूनही उपयोग झाला नाही, त्या शाळेच्या अनुभवावरून प्रत्येक शाळेत कॅमेरे बसवण्याचा निष्कर्ष निघाला. त्याच निर्णयात स्मरण करून दिलेली दुसरी एक गोष्ट मात्र चर्चेत फारशी आली नाही. पालक, शिक्षक, विद्यार्थी यांना सहभागी करून घेणाऱ्या ‘सखी सावित्री’ समित्या शाळाशाळांत नेमण्याचा आदेश मार्च 2022 मध्येच निघालेला होता. कॅमेरा विकत घेता येतो, त्याची निविदा निघते, उद्घाटन होते. समिती चालवायची तर पालकाला शाळेच्या कारभारात शिरू द्यावे लागते, आणि ते कोणत्याच व्यवस्थापनाला रुचत नाही.

कॅमेऱ्याला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे होणार नाही. रात्री उशिराच्या गाडीने उतरून एकट्याने घराकडे चालणाऱ्या मुलीला फलाटावरच्या कॅमेऱ्याचा आधार वाटत असेल, तर तिला व्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु कॅमेरा स्वतः काहीच पाहत नसतो. पाहतो तो पडद्यापुढे बसलेला माणूस. तो माणूस कोणाला जबाबदार आहे, चित्रण किती दिवस ठेवले जाते, ते कोण पुसू शकतो, नागरिकाला ते मागता येते की नाही, या प्रश्नांच्या उत्तरांवर ते यंत्र रक्षणाचे आहे की पाळतीचे, हे ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर सहा वर्षांनी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःपाशी ठेवला. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्यालाच सूट, अशी ही तऱ्हा आहे.

याउलट, सत्तेकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कोठडीतील छळाला आळा बसावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह सर्व महत्त्वाच्या जागी, आवाजही टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण दीर्घकाळ जपून ठेवण्याचा आदेश दिला. शाळांना एका महिन्याची मुदत देणाऱ्या राज्यसंस्थेला या आदेशासाठी वर्षे अपुरी पडली. 2025 सालीही पोलीस ठाण्यांतील चालू कॅमेऱ्यांच्या अभावाची न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. लोकांवर रोखलेला कॅमेरा महिन्यात बसतो, सत्तेवर रोखलेला पाच वर्षांतही नीट चालत नाही. पाळत आणि लोकशाही यांच्यातील नात्याचे याहून स्पष्ट निदान करण्याची गरज नाही.

बदलापूर प्रकरणाचा पुढील अध्याय त्याहून गंभीर आहे. 23 सप्टेंबर 2024 रोजी आरोपीला पोलिसांच्या गाडीतून नेले जात असताना मुंब्र्याजवळ त्याला गोळी घालून ठार करण्यात आले. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावल्यामुळे स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांनी सांगितले. बदलापुरात पेढे वाटले गेले, मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले. मुंबईतील पोलीस चकमकींच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंच्या चौकशीची कार्यपद्धती घालून दिली होती. तो निकाल बरोबर दहा वर्षांपूर्वीचा, 23 सप्टेंबर 2014 चा. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतील पाच पोलिसांना या मृत्यूबद्दल जबाबदार धरले आणि स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका व्यक्त केली. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने या प्रकरणी गुन्हा नोंदवून विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला.

ज्या पित्याच्या लेकीवर असा प्रसंग ओढवला, त्याच्या संतापाला नीतीचे धडे देता येत नाहीत. परंतु त्या गोळीने त्याच्या लेकीला काय मिळाले, हे विचारलेच पाहिजे. आरोपीवरील खटला संपला. साक्षीपुराव्यांतून शाळेत नेमके काय घडले, कोणी काय पाहिले, कोणी काय दडवले, ठाण्यात तास कसे गेले, हे भर न्यायालयात उलगडण्याची मुख्य वाट बंद झाली. ज्या यंत्रणेने तक्रार लिहून घ्यायला विलंब लावला, त्याच यंत्रणेच्या गोळीवर शहराने न्याय म्हणून विश्वास ठेवावा, अशी ही अपेक्षा आहे. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे कोणा एकाच्या लहरीवर सोडले, तर नदीकाठच्या गावाला त्या रात्री झोप लागेल काय? बंदूक कधी उघडायची हे लहरीवर सोडून मात्र शहराने निर्धास्त झोपावे, असे सांगितले जाते.

जुलै 2025 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ‘जनसुरक्षा’ हा शब्द नावात असलेले विशेष विधेयक संमत केले. त्याचा रोख बेकायदा ठरवल्या जाणाऱ्या संघटनांवर आहे आणि बेकायदा कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की रुळांवर उतरलेल्या बदलापूरकरांनाही तीत बसवणे कठीण जाऊ नये. आणीबाणी भोगलेल्या पिढीला ‘सुरक्षा’ या शब्दाचा हा उपयोग अपरिचित नाही. 1975 सालीही ‘अंतर्गत सुरक्षे’च्या कायद्याखालीच माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली होती. सुरक्षितता कोणाची आणि कोणापासून, हे विचारल्यावाचून तो शब्द स्वीकारणे धोक्याचे आहे.

खरी सुरक्षितता कशी दिसते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. गाडीत हजारावर प्रवासी होते. आपत्ती दलाच्या आणि नौदलाच्या जवानांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्यात हात दिला. शासन आणि लोक एका बाजूला उभे राहिले तेव्हा एकही जीव गेला नाही. दुसरे उदाहरण धरणाचेच आहे. बारवीच्या वाढीव उंचीत ज्यांची घरे-शेते बुडणार होती, त्यांनी तोंडी आश्वासनांवर समाधान मानले नाही. बाधित कुटुंबांना नोकऱ्या द्याव्यात आणि त्यांचा भार धरणाचे पाणी पिणाऱ्या महापालिका-नगरपालिकांनीही उचलावा, हे त्यांच्या दीर्घ लढ्यामुळे ठरले, आणि ते अंमलात येण्यासाठीही त्यांना वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला. शब्द कागदावर आला, कोणी देणे लागतो हे ठरले, तेव्हा कुठे तो वसूल होऊ लागला.

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच स्पष्ट होते. आपल्या भागातील प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती आहे काय, ती कधी भरली, तिच्यात पालक कोण, हे विचारावे. पोलीस ठाण्यातील किती कॅमेरे चालू आहेत आणि चित्रण किती दिवस ठेवले जाते, हे माहितीच्या अधिकाराखाली मागावे. नगरपालिकेच्या आणि पोलिसांच्या कॅमेऱ्यांचा वार्षिक हिशोब सभागृहापुढे ठेवला जावा, असा ठराव आणावा. 2006 सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जी प्राधिकरणे असायला हवीत, ती सामान्य माणसाला सापडतील अशा जागी आणि पुरेशा माणसांनिशी चालावीत, असा आग्रह धरावा. मुलांच्या सान्निध्यातील कामे कंत्राटावर देऊ नयेत, ही मागणी शिक्षक आणि सफाई कामगारांच्या संघटनांनी एकत्र येऊन करावी.

ही कामे लहान दिसतात, त्यांत मोर्चाचा आवेश नाही. पण उल्हास खोऱ्यातील माणसाला मोजमापाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. बारवीची पातळी विचारणाऱ्या त्याच गृहिणीने उद्या ठाण्यात जाऊन विचारले पाहिजे : गेल्या महिन्यात किती तक्रारी आल्या, किती तासांत नोंदल्या, किती पडून आहेत? हा आकडा ज्या दिवशी धरणाच्या आकड्याइतक्या सहजपणे वर्तमानपत्रात येऊ लागेल, त्या दिवसापासून विश्वासाची भाषा करण्याचा अधिकार शासनाला मिळेल.