आजोळ आणि ऱ्योकान

क्योतोत ऐन शहरात जुन्या वळणाच्या सराया आहेत, त्यांना ऱ्योकान म्हणतात. तिथे दोन रात्री राहिलो. चपला दारात, जेवण चटईवर बसून, रात्री त्याच खोलीत गादी घालायची, सकाळी घडी करून फडताळात. अहो, हे तर आपलं आजोळच! आपण गरिबी म्हणून लपवतो, तिथे पाहुणे त्याचेच चांगले पैसे मोजतात.

हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायला भिगवण-कुंभारगावात शहरातली माणसं येतात. त्यांच्यासाठी आमचा दादा ओसरी पाडून एसी खोल्या काढायचं म्हणतोय. दादा, वाचत असशील तर ऐक: संडास-बाथरूम चकाचक कर, पण ओसरी राहू दे. एसी पुण्यातही आहे. वाकळ, ताजी मासळी आणि चुलीवरची भाकरी तिथे कुठली?