विश्लेषण : लेझर शिकायला ऑनर्सचे चौथे वर्ष करावे का?

यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पही करता येतो.

मग वेळ वाचतो का? नाही. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, एमएस्सीला वर्षे पाचच.

फरक पडतो तो प्रयोगशाळेने. आरसे जुळवून लेझरचा किरण नेमक्या बिंदूवर आणणे पुस्तक वाचून जमत नाही. हिंगोली जिल्ह्यातील नियोजित लायगो-इंडिया वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या भुजांतही हेच कौशल्य लागेल.

म्हणून प्रवेशाआधी विचारा : ऑप्टिकल टेबल आहे का? प्रकल्पाला मार्गदर्शक कोण? उत्तर मिळाले नाही, तर तीन वर्षांनी चांगल्या प्रयोगशाळेत एमएस्सी करणे बरे.