रक्ताआधी नळ तपासायला हवा

शिशाची विषबाधा झालेले मूल दवाखान्यात येते, तेव्हा बाहेरून दिसण्यासारखे फारसे काही नसते. थोडी चिडचिड, भूक नाही, मधूनच पोटदुखी. निदान रक्ताच्या तपासणीवर होते, पण तिलाही उशीर झालेला असतो. रक्तातले शिसे महिनाभरात जवळपास निम्म्यावर येते आणि बरेचसे हाडांत जाऊन बसते. मेंदूचे झालेले नुकसान कुठल्याही औषधाने भरून येत नाही. त्यामुळे हा आजार मुलात शोधण्याआधी नळात शोधावा लागतो, आणि ते तंत्र मेडिकल कॉलेजात शिकवले जात नाही.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या सिव्हिल आणि पर्यावरण अभियांत्रिकी विभागाने ते फ्लिंट शहरात वापरून दाखवले. मिशिगन राज्यातल्या या शहराने खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटकडून येणारे पाणी बंद करून फ्लिंट नदीचे पाणी घेतले. या पाण्यात क्लोराइड जास्त होते. पाइप आतून झिजू नयेत म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात. ते घातलेच गेले नाही. विभागातील प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या अंदाजाने हा खर्च दिवसाला शंभरएक डॉलरचा होता. जुन्या पाइपांच्या आत साचलेला संरक्षक थर सुटू लागला आणि शिसे घराघरांत पोहोचले. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने हे पाणी आपल्या इंजिन कारखान्यात वापरणे बंद केले, कारण सुटे भाग गंजत होते. माणसांना मात्र तेच पाणी आणखी वर्षभर प्यावे लागले.

सरकारी तपासणीत पाणी ठीक का ठरत होते, ते डॉक्टरांनी मुद्दाम समजून घ्यावे. नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटे वाहता ठेवा, अशी सूचना नागरिकांना दिली जात होती. म्हणजे पाइपात साचलेले शिसे आधीच धुऊन जायचे. उपाशीपोटीची साखर म्हणून जेवणानंतरचे रक्त घेतले तर रिपोर्टला काय अर्थ? एडवर्ड्स यांच्या चमूने २०१५ च्या ऑगस्टमध्ये नागरिकांनाच सुमारे ३०० बाटल्यांचे संच दिले. भारतातून तिथे संशोधनासाठी गेलेला सिद्धार्थ रॉय हा विद्यार्थी या कामात पुढे होता. अडीचशेहून अधिक संच भरून परत आले. अमेरिकी नियमाप्रमाणे १० टक्क्यांहून जास्त घरांत शिसे एक अब्ज भागांत १५ भागांच्या वर गेले, तर यंत्रणेला हालचाल करावी लागते. फ्लिंटमध्ये ही रेषा केव्हाच ओलांडली गेली होती.

पाण्याचे हे आकडे पाहिल्यावर बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतिशा यांनी आपल्या हर्ली रुग्णालयातील नोंदी काढल्या. रक्तात जास्त शिसे असलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेले होते. राज्य सरकारने आधी दोघांनाही खोटे ठरवायचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २०१५ मध्ये शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आले. एकटे पाण्याचे आकडे किंवा एकटे रक्ताचे आकडे बहुधा दाबले गेले असते. एडवर्ड्स यांना आधीच्या वॉशिंग्टन शहरातील शिसे प्रकरणात तसाच अनुभव आला होता. तिथे देशाच्या सर्वोच्च आरोग्य संस्थेने २००४ मध्ये धोका कमी असल्याचे सांगितले, आणि ते चूक असल्याचे दाखवायला त्यांना काही वर्षे झगडावे लागले.

आपल्या शहरांत शिशापेक्षा मोठी चिंता जंतूंची. त्यावरही एका सिव्हिल विभागाचेच काम आहे, आणि तेही आपल्या शेजारी, हुबळी-धारवाडमध्ये. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील कारा नेल्सन आणि एमिली कुम्पेल यांनी तिथे चोवीस तास पाणी असलेले भाग आणि ठरावीक वेळीच पाणी येणारे भाग यांची तुलना केली. शुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी चांगले होते. पण पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि गळक्या जोडांतून बाहेरची घाण आत येते. पाणी सुटल्यावरच्या पहिल्या धारेत आणि दाब कमी असताना दूषितपणा जास्त आढळला. ‘पहिले पाणी सोडून द्यावे’ हे आपल्या बायका न शिकता पाळतात, ते उगाच नाही.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, आणि पाण्याचे नमुने घ्यायची खरी धावपळ रुग्ण व्हेंटिलेटरवर गेल्यानंतर सुरू झाली. हा क्रम उलटा करता येतो. गावागावांत क्लोरीनसाठी ओटी टेस्ट होते, पण ती बहुधा टाकीजवळच्या सोयीच्या नळावर. ती लाइनच्या शेवटच्या घरी, पाणी सुटल्याबरोबर व्हायला हवी. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी मेडिकल कॉलेजचा पीएसएम विभाग आणि इंजिनीअरिंग कॉलेजचा सिव्हिल विभाग एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. एकाकडे कुठल्या वस्तीतून किती जुलाबाचे रुग्ण आले याची नोंदवही असते, दुसऱ्याकडे पाइपलाइनचा नकाशा वाचता येणारे विद्यार्थी. दोन्ही महिन्यातून एकदा एका टेबलावर ठेवायला नवा निधी लागत नाही. अधिष्ठाता आणि प्राचार्य यांनी एकेक पत्र काढले तरी पुरे.