फॉर्म सोळामधली शाळा

पालिकेच्या शाळेत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? मी सांगतो. मतदानाच्या दिवशी! 20 नोव्हेंबर 2024, विधानसभेचं मतदान. आमचं केंद्र दादरला, घरामागच्याच पालिकेच्या शाळेत. रांग जिन्यापर्यंत, भिंतीवर रंगवलेली बाराखडी, आणि गुडघे हनुवटीला लागतील अशा चिमुकल्या बाकावर बसलेले आम्ही सगळे मोठ्ठे लोक. मग बोटाला शाई, शाईचा सेल्फी आणि प्रकाशकडे साबुदाणा वडा. शाळेशी संबंध संपला, थेट पुढच्या निवडणुकीपर्यंत.

असं मला वाटत होतं. पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची मुलगी त्याच शाळेत सहावीत आहे. एका रविवारी पोळ्या झाल्या तरी मावशी निघेनात. पदराला हात पुसत म्हणाल्या, ‘दादा, एक कागद लिहून द्याल का? तुमचं मराठी चांगलं आहे.’ (माझं मराठी! ऑफिसात ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’च्या पलीकडे मी काही लिहीत नाही.)

कागद कसला? तर शाळेला काय काय हवंय त्याचा. मावशी शाळा व्यवस्थापन समितीच्या मेंबर निघाल्या! मी रीतसर गार. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात ही समिती आहे. त्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. या समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा. आणि पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं, सरकारने किंवा पालिकेने अनुदान द्यायचं ते याच आराखड्याच्या आधारावर. म्हणजे पैसा कुठे जावा हे मंत्रालयातल्या साहेबाआधी आमच्या मावशींनी सांगायचं. कायद्यात तरी तसंच लिहिलंय.

मी जोशात लॅपटॉप उघडला. स्मार्ट बोर्ड, टॅब, रोबोटिक्स लॅब. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘ते सगळं छान आहे हो दादा. पण आधी मुलींच्या संडासाला कडी लिहा.’

कडी? हो, कडी. एक मुलगी आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. वयात आलेल्या मुली पाणीच पीत नाहीत, घरी येईपर्यंत. मग वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, त्यासाठी पंप. आणि गणिताच्या बाई. बाई आहेत, पण निवडणुकीच्या ड्युटीवर गेल्या की वर्ग दुसऱ्या वर्गात बसतो. शिक्षकांना निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला लावायची मुभा त्याच कायद्यात आहे बरं का. म्हणजे मी ज्या दिवशी शाई लावून सेल्फी काढत होतो... जाऊ दे.

त्याच आठवड्यात माझा फॉर्म सोळा आला. टॅक्स भरत असाल तर तुम्हीही ती ओळ पाहिली असेल, हेल्थ अँड एज्युकेशन सेस, 4 टक्के. टॅक्स एक लाख असेल तर वर चार हजार. 2004 मध्ये हा 2 टक्के सुरू झाला, प्राथमिक शिक्षणासाठी. 2007 मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी म्हणून आणखी 1 टक्का. 2018 मध्ये आरोग्य आत घेऊन सरसकट 4. पहिल्या 2 टक्क्यांसाठी वेगळा कोश झाला. सर्व शिक्षा अभियान, शाळेतलं जेवण यांना त्यातून पैसे गेले. नंतरच्या 1 टक्क्याची गंमत मात्र कॅगने 2017 मध्ये सांगितली. 2016-17 पर्यंत त्यातून 83 हजार कोटींच्या वर जमले होते आणि ते ठेवायला कोशच नव्हता! त्या वर्षी ऑगस्टमध्ये कुठे मंत्रिमंडळाने कोशाला मंजुरी दिली. आणि सेसमधला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, हे आणखी एक.

पालिकेकडे पैसा नाही म्हणाल, तर तसंही नाही. 2025-26 मध्ये पालिकेने शिक्षणासाठी 3,955 कोटी ठेवले. यातला मोठा भाग पगार-पेन्शनचा असतो, मान्य. पण मुलं साधारण तीन लाखांच्या वर धरली, तरी डोक्यामागे लाखभर येतातच की! आमच्या गल्लीतल्या ‘इंटरनॅशनल’ नर्सरीवालीलाही फीचा बोर्ड बदलावासा वाटेल.

मग कडी का नाही? मला वाटतं, आपल्याकडे सरकारने हात सैल सोडला की तो पैसा दिसणाऱ्या गोष्टीत जातो. मे 2020 आठवा, लॉकडाऊन, 20 लाख कोटींचं पॅकेज, टीव्हीसमोर बसलेले आपण. त्यात शाळेतल्या मुलांना काय मिळालं? पीएम ई-विद्या. एक इयत्ता, एक चॅनल, अशी बारा चॅनल्स. शाळा बंद होत्या म्हणून चॅनल समजू शकतो. पण रिकाम्या शाळेत नळ, संडास, वायरिंग करून घ्यायला त्याहून चांगली वेळ कुठली होती? 2015 मध्ये पालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले तेव्हाही असंच कौतुक झालं होतं. टॅबला बॅटरी असते आणि बॅटरीला आयुष्य. ती बदलायचा खर्च फोटोत येत नाही.

अमेरिकेनेही हा धडा दोनदा गिरवलाय. 2009 च्या मंदीत त्यांनी 787 अब्ज डॉलरचं पॅकेज काढलं. शंभर अब्जांच्या आसपास शिक्षणाला गेले, त्यातले बरेचसे शिक्षकांच्या नोकऱ्या वाचवण्यात. शाळांच्या बांधकामासाठीचा वेगळा निधी वाटाघाटीत कापला गेला. मग कोविडमध्ये शाळांना साधारण 190 अब्ज, या अटीवर की शेवटचा हप्ता सप्टेंबर 2024 पर्यंत मार्गी लावा. काहींनी हवा खेळती राहावी म्हणून यंत्रणा बदलल्या, ते काम टिकलं. काहींनी त्यातून माणसं नेमली, आणि मुदत संपल्यावर त्यांना घरी पाठवायची वेळ आली. कंपनीत एकदाच आलेल्या बोनसवर ईएमआय घेतो का आपण? (काही जण घेतात. मी नावं घेणार नाही.)

पॅकेज आलंच तर ते पंप, संडास, छप्पर, वायरिंग यांत जावं आणि गणिताच्या बाईंचा पगार दर वर्षीच्या बजेटमधून यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि चार निवडक शाळा चकाचक करण्यावर मी जरा नाराज आहे. 2022 ची पीएम श्री योजना घ्या. पाच वर्षांत 27,360 कोटी, देशभरातल्या साडेचौदा हजार शाळा. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून शिकायचं. बघून कडी बसत नाही.

अर्थात निवडक शाळांचा एक फायदा मी मान्य करतो. पालिकेने 2020 मध्ये माहीमच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई सुरू केलं, जोगेश्वरीत सीबीएसई, आणि पुढे या शाळांच्या प्रवेशाला लॉटरी काढायची वेळ आली. पालिकेची शाळा लोकांना नकोच असते, हे जे आपण कॅन्टीनमध्ये ठोकून देतो ना, ते खोटं आहे. आणि दादरकरांनी तर असं बोलूच नये. या शहरात सक्तीचं प्राथमिक शिक्षण पहिल्यांदा लागू झालं ते 1925 मध्ये, एफ आणि जी वॉर्डात. म्हणजे आपलं दादर, परळ, माहीम. शंभर वर्षं झाली. शतकाचा केक कुणी कापला असेल तर मला तरी दिसला नाही.

तर कागद लिहून झाला. पहिल्या नंबरवर कडी. दुसऱ्यावर पंप. तिसऱ्यावर ड्युटीच्या दिवसांत गणिताला बदली शिक्षक. रोबोटिक्स मी हळूच सातव्या नंबरवर सरकवलं होतं, मावशींनी ते खोडायला लावलं आणि तिथे ‘मैदानात लाइट’ लिहून घेतलं. कागदाची चार वेळा घडी घालून पर्समध्ये ठेवली.

‘मीटिंग कधी?’ मी विचारलं.

‘शनिवारी. अकराला.’

‘मी येऊ?’

‘तुम्ही पालक आहात का?’

‘नाही.’

‘मग बाहेर बसा,’ मावशी चप्पल घालता घालता म्हणाल्या. ‘बाक आहेत तिथे.’