परदेशवास आणि राजकीय मतें

परदेशगमनानें मनुष्याचें मन विशाल होतें व राजकीय दृष्टि उदार होते, हें वचन आमच्या सुशिक्षितांत वेदवाक्याप्रमाणें चालतें. शिफारसपत्रें मागावयास येणारे विद्यार्थी तें म्हणतात. दोन वर्षें बाहेर काढून आलेले आमचे सहाध्यापक तर त्याचा पुरावा म्हणून स्वतःकडेच बोट दाखवितात. आम्हांस हें वचन मान्य नाहीं.

जर्मनींतील तुर्कांचेंच पाहा. १९६१ सालीं उभय देशांत मजूरभरतीचा करार झाला आणि अनातोलियांतील खेडुत जर्मन कारखान्यांत व खाणींत कामाला गेले. त्यांस नांव मिळालें 'पाहुणे कामगार'. म्हणजे काम संपतांच पाहुण्यानें उठावें! पुष्कळसे पाहुणे उठले नाहींत. त्यांचीं मुलें-नातवंडें तेथेंच जन्मलीं. २०१७ सालीं तुर्कस्तानांत राष्ट्राध्यक्षाचे अधिकार वाढविण्याविषयीं सार्वमत झालें. एकंदर अनुकूल मतें शेंकडा ५१ च्या थोडीं वर गेलीं. जर्मनींत पडलेल्या मतांत मात्र तीं ६३ भरलीं. (निम्म्याहून अधिक मतदार तेथें घरींच बसले, हेंहि सांगितलें पाहिजे.) लोकशाहीच्या शाळेंत अर्धें शतक काढून हा निकाल! उलट अमेरिकेंतील तुर्कांनीं, जे बहुतांशीं विद्येसाठीं वा पेशासाठीं गेलेले, त्याच प्रश्नावर प्रचंड बहुमतानें नकार दिला. परदेश दोघांसहि लाभला होता. फरक पडला तो कोण गेला व त्याला कसें वागविलें गेलें, यानें.

यावर कांहीं जर्मन म्हणतात, हे लोक कृतघ्न आहेत. परंतु जर्मन नागरिकत्व घेतलेले तुर्क तेथील निवडणुकींत दीर्घकाळ डाव्या पक्षांसच मतें देत आले! आणि २०२४ पर्यंत तें नागरिकत्व हवें तर तुर्काला सामान्यतः आपलें मूळचें सोडावें लागे. ज्याला राहत्या घरांत मत नाहीं, तो सोडलेल्या घराच्या कारभारांत आपला मान शोधणारच.

अपमान मनुष्याला नेहमीं सत्ताधीशाच्याच पायाशीं नेतो असेंहि नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या पंजाब्यांत इंग्रजी फौजेंत इमानानें चाकरी केलेले शिपाई होते. १९०७ सालीं बेलिंगहॅम येथें गोऱ्या जमावानें लांकडाच्या गिरण्यांतील हिंदी मजुरांस गांवाबाहेर हांकलून दिलें. १९१३ सालीं सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' पत्र निघालें. त्या चळवळींत आमचे पांडुरंग खानखोजेहि होते. या शिपायांस बंड शिकविलें तें अमेरिकेच्या राज्यघटनेनें, कीं बेलिंगहॅमच्या जमावानें?

आमच्या सहाध्यापकांचीं दोन वर्षें विद्यापीठाच्या ग्रंथालयांत गेलीं. रात्रपाळीच्या कारखान्यांत नव्हे.