दुष्काळाची ओली बाजू

सन २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, मोहोळ आणि शेजारच्या धाराशिवमधील परंडा, भूम या भागांतील शेते पाण्याखाली गेली. त्या दिवसांत गावोगावची मागणी एकाच शब्दप्रयोगात व्यक्त झाली : 'ओला दुष्काळ जाहीर करा.' त्यावर शासनाने दिलेले उत्तर भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावे असे होते. ओला दुष्काळ अशी संज्ञा नियमपुस्तिकेत नाही. मात्र दुष्काळात ज्या सवलती देतात त्या दिल्या जातील, असा त्याचा आशय होता. म्हणजे वस्तू मान्य, पण नाव अमान्य.

मदत किती मिळाली, पुरेशी होती की नव्हती, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी त्याची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. साहित्याशी संबंध असलेल्या आमच्यासारख्यांना पडलेला प्रश्न वेगळा आहे. 'ओला दुष्काळ' हा शब्दप्रयोग खरोखरच भाबडा आणि विसंगत आहे काय? की त्यात या प्रदेशाच्या हवामानाचा असा काही इतिहास साठलेला आहे, जो नियमपुस्तिकेला माहीत नाही आणि आमच्या साहित्यालाही पुरता माहीत नाही? आमचे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे, आणि त्यासाठी आम्ही बार्शीचे उदाहरण घेणार आहोत.

आधी शब्दाकडे पाहू. पाऊस न पडणे याला मराठीत अवर्षण हा स्वतंत्र शब्द आहे. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. त्याचा विरुद्धार्थी शब्द अतिवृष्टी नसून सुकाळ आहे. आपण माणुसकीचा दुष्काळ म्हणतो, वाचकांचा दुष्काळ म्हणतो. त्यात पावसाचा संबंध कुठेच नसतो. तेव्हा ज्या काळात घरातले दाणे संपतात, दावणीची जनावरे सुटतात आणि माणसे गाव सोडतात तो दुष्काळ, मग तो पाण्यावाचून आलेला असो वा पाण्याने आणलेला असो. शेतकऱ्याने 'ओला' हे विशेषण जोडून शब्दाला वाकवलेले नाही. त्याने शब्दाचा मूळ अर्थ परत मिळवला आहे. पावसाची तूट म्हणजे दुष्काळ, ही कार्यालयीन सोय आहे.

आता बार्शीकडे येऊ. सोलापूर जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, बालाघाटच्या उतारांना टेकून हा तालुका आहे. पूर्वी त्याच्या वेशीपलीकडे निजामाचे राज्य सुरू होत असे, आणि तिकडचा कापूस-धान्याचा व्यापार बार्शीच्या पेठेत येई. 'बार्शी तिथे सरशी' ही म्हण या पेठेच्या भरभराटीला शोभणारी आहे. परंतु पेठ सुखवस्तू असली तरी शिवार पर्जन्यछायेत आहे. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आपले पाणी रिते करून इकडे येतात. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा वाटा मृगात-आर्द्रेत न पडता सप्टेंबरात पडतो. म्हणून हा परंपरेने रब्बीचा मुलूख. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसाने काळ्या जमिनीत ओल धरली की तिच्यावर ज्वारी येते. मोहोळच्या संशोधन केंद्राशी निगडित असलेले मालदांडी हे वाण याच ओलीचे लेकरू.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष होते. ज्या पंधरा-वीस दिवसांच्या पावसावर इथले वर्ष तरते, त्याच दिवसांत इथे पूर येतात. पाऊस आला नाही तर कोरडा दुष्काळ, एकदम आला तर ओला. दोन्ही एकाच खिडकीतून आत येतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत बार्शी होता. त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्याआधीच सीनेचे खोरे पाण्याखाली गेले. कोरडवाहू भागात पूर आला की आपण त्याला 'अघटित' म्हणतो. त्यात अघटित असे काही नाही. अघटित वाटावे इतकी आपली स्मृती एकांगी आहे, एवढेच.

ही स्मृती एकांगी का झाली, हे पाहण्यासाठी तिची घडण पाहावी लागते. या जिल्ह्यातील दुष्काळाची सर्वांत जुनी आणि सर्वांत जिवंत कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आहे. बिदरच्या बादशहाचा हा अधिकारी. दुष्काळात त्याने सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे त्या धान्याचा दाम पोचवला. भक्तिकथा म्हणून आपण ती ऐकत आलो. पण तिच्यातील आर्थिक जाण पाहावी. या कथेत पाऊस पडत नाही, देवही पाऊस पाडत नाही. धान्य आहे, ते कुलपात आहे. भूक अवर्षणाने येते, पण मरण कुलपाने येते, हे त्या कथेला पक्के ठाऊक आहे. 'अस्मानी' आणि 'सुलतानी' या जोडशब्दातील दोन्ही अर्थ तिने एकत्र धरून ठेवले आहेत.

चारशेहून अधिक वर्षांनी हीच गोष्ट देवाच्या मध्यस्थीशिवाय घडली. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस चुकला आणि सोलापूर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक ठरला. सोलापुरातून तेव्हा आगगाडी धावत होती. धान्य हलू शकत होते, आणि जिथे भाव जास्त तिथे ते हललेही. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळातील हकिकती गोळा करून सरकारपुढे मांडल्या. दुष्काळग्रस्त मुलूख पाहून पेटलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे बंड १८७९ चे, आणि जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन करून लेखणी खाली ठेवली नाही. डोंगरावरून वाहून जाणारे पाणी आणि माती बांध-ताली घालून अडवावी, हेही त्यांनी त्या पुस्तकात मांडले. ज्या मातीच्या वाहून जाण्याचा उल्लेख आजच्या पंचनाम्यात होतो, तिची काळजी एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या मराठी गद्यात आहे.

पुढचे टप्पे झपाट्याने सांगता येतील. १८९७ साली, दुष्काळाच्याच दिवसांत, कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंतची अडीच फुटी रूळमार्गाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. ती पुढे एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. १९७२ च्या दुष्काळाने खडी फोडणारी बाई, सुकडी आणि मिलो ही शब्दचित्रे दिली. रोजगार हमी योजना दिली. माळरानांवर पाझर तलाव दिले. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पिण्याच्या पाण्याची गाडी निघाली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती धावली त्या दिशेने, जिथे पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी धावत असे. रूळ रुंद झाले होते, वाघिणींतला माल बदलला होता.

हा सगळा कोरडा इतिहास आपल्याला कमी-अधिक ठाऊक आहे, कारण त्याला साहित्य मिळाले. तुकोबांच्या आयुष्यातील दुष्काळ त्यांच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) शेवट दुष्काळाने होतो आणि वाचकाच्या मनात ती ओस पडलेली वाडी कायम राहते. सोलापूर भागातील वृद्ध माणसे आजही 'बहात्तर साली' असे म्हणून लग्ने आणि जन्म सांगतात. दुष्काळ हे त्यांचे पंचांग आहे.

आता ओल्या बाजूची यादी करा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपीट झाली. सोलापूर जिल्ह्यातही द्राक्षे, डाळिंबे, उभी ज्वारी झोडपली गेली. २०२० च्या ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे क्षेत्र आंध्र-तेलंगण ओलांडून थेट सोलापुरावर आले. भीमा-सीनेला पूर आला आणि पंढरपुरात चंद्रभागेच्या घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर २०२५. यांपैकी कोणत्या घटनेने मराठी कथेत, कवितेत, निदान बोलण्यात, 'बहात्तर'सारखे स्थान मिळवले आहे? 'चौदाची गार' असे म्हणून कुणी आपल्या मुलीचे वय सांगत नाही.

याचे एक कारण रूपाचे आहे, आणि ते समीक्षकाने समजून घ्यावे. दुष्काळ संथ असतो. त्याला आरंभ, वाट पाहणे, आशा, निराशा आणि प्रस्थान अशी सारी अंगे असतात. तो जणू कादंबरीचा आराखडा घेऊनच येतो. गारपीट अर्ध्या तासात संपते. तिला मध्य नसतो. तिची कथा नंतरच्या दोन-चार वर्षांत असते : छाटणीचा खर्च, बँकेचा हप्ता, मोडलेला मांडव, पुढे ढकललेले लग्न. ही कथा सांगायला लेखकाला घटनेकडे पाठ करून तिच्या परिणामांच्या मागे जावे लागते. आपल्या ग्रामीण साहित्याने ते क्वचितच केले.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. साहित्याने रिकामी ठेवलेली जागा पंचनाम्याने भरली. पंचनामा हाही एक वाङ्मयप्रकार आहे, असे आम्ही गंभीरपणे म्हणतो. त्याला त्याचा निवेदक आहे, साक्षीदार आहेत, ठरलेली शब्दकळा आहे. पण त्याचे नियम पाहा. पीक ३३ टक्क्यांहून कमी गेले असेल तर नुकसान नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. पर्जन्यमापक ज्या गावात आहे तिथे पाऊस कमी आणि ओढ्यापलीकडच्या शिवारात ढगफुटी असेल, तर त्या शिवाराने आपला पाऊस सिद्ध कसा करायचा? जमीन खरवडून गेली, एवढे तीन शब्द रकान्यात बसतात. पण ती काळी माती किती पिढ्यांनी राखली होती, तिच्याखालचा मुरूम उघडा पडल्यावर पुढची हस्ताची ओल कुठे टिकणार, हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. ज्या गावाकडे स्वतःचे निवेदन नसते, त्याला रकान्यातले निवेदन खोडून काढता येत नाही. म्हणूनच 'ओला दुष्काळ' हा शब्द नाकारला गेला तेव्हा त्याच्या पाठीशी उभे करण्यासाठी आमच्याकडे एकही दामाजी नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पावसाची नोंदवही ठेवणे हे साहित्याचे काम काय? साहित्य प्रसंगोपात्त झाले की ते मदतनिधीच्या आवाहनासारखे वाटू लागते. १९७२ नंतर लिहिल्या गेलेल्या पुष्कळ कवितांत भेगाळलेली भुई आणि आभाळाकडे लागलेले डोळे यांपलीकडे काही नाही, हे आम्हीही वर्गात शिकवताना अनुभवले आहे. पण हा आक्षेप नीट पाहिला तर आमच्याच बाजूचा ठरतो. त्या कवितांत अस्मानी होती, सुलतानी गळाली होती. त्यांनी भूक दाखवली, कुलूप दाखवले नाही. आमचे मागणे अधिक करुणेचे नाही, अधिक तपशिलाचे आहे. ओढ्याच्या पात्रात प्लॉट कुणी पाडले, नाल्याची मोरी किती अरुंद होती, धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी गावात कधी पोचली, हे जिच्यात आहे ती पुराची कथा. नदी 'कोपली' म्हटले की हे सगळे पुसले जाते.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना आमचे सांगणे आहे. ग्रामीण महाविद्यालयांतून दरवर्षी लोकसाहित्याचे प्रकल्प होतात; जात्यावरच्या ओव्या आणि उखाणे जमवले जातात. त्यांच्या जोडीने एखाद्या वर्षी आपल्या तालुक्यातील पावसाचे निवेदन जमवावे. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही नक्षत्रांची नावे, पुराच्या पाण्याच्या पातळीच्या घराघरांतील खुणा, गारपिटीनंतर कुणाच्या घरात काय बदलले याच्या हकिकती, आणि हे सारे सांगणाऱ्याच्या शब्दांत. १८८४ साली इंग्रज सरकारने सोलापूरचे गॅझेटियर छापले. त्यातील दुष्काळाच्या हकिकतीसाठी आपण आजही तेच उघडतो. पुढच्या शतकातील अभ्यासकाने २०२५ च्या सीनेसाठी केवळ शासकीय तक्ते उघडावेत, असे आपल्याला वाटते काय?

'ओला दुष्काळ' हा शब्द नियमपुस्तिकेत येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तो मराठीच्या शब्दकोशात आणि मराठीच्या कथेत यावा, एवढे मात्र आपल्या हाती आहे. ज्यांनी तो बोलून दाखवला त्यांचे मराठी आमच्यापेक्षा चांगले आहे, हे मान्य करण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.