चाळीस की पन्नास? आपला आकडा तीस!

ऑक्टोबर उजाडला की गुलाबी फितींचा मोसम सुरू होतो. कुठे सकाळचा 'वॉक', कुठे सोसायटीच्या हॉलमध्ये डॉक्टरांचं व्याख्यान, कुठे लॅबचं 'महिलांसाठी खास पॅकेज'. यात वाईट काहीच नाही. पण व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो, "मॅमोग्राफी नक्की कितव्या वर्षापासून करायची हो?" आणि इथेच गाडी अडते. एका डॉक्टरांनी चाळीस सांगितलेलं असतं, दुसऱ्यांनी पन्नास. अमेरिकेतली नणंद फोनवर म्हणते, "आमच्याकडे पुन्हा बदललंय बाई!" मग आपण सोयीचा अर्थ काढतो. यांचंच अजून ठरत नाहीये ना? ठरू दे, मग बघू.

हे 'मग बघू' आपल्याला फार महागात पडतं. म्हणून आज जरा या आकड्यांकडे नीट बघू या.

गोंधळ आला तो मुख्यतः अमेरिकेतून. तिथल्या तज्ज्ञांच्या सरकारी गटाने २००२ मध्ये सांगितलं होतं, चाळिशीपासून एक-दोन वर्षांनी मॅमोग्राफी करा. २००९ मध्ये त्याच गटाने सांगितलं, सरसकट सगळ्यांनी पन्नाशीपासून करा, दर दोन वर्षांनी. चाळिशीतल्या बाईने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. तेव्हा तिकडे मोठा गदारोळ झाला. आणि २०२४ मध्ये पुन्हा चाळीस! इंग्लंडमध्ये तर पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात.

हा लहरीपणा आहे का? नाही. हा हिशेब आहे. २००९ च्या हिशेबानुसार चाळिशीतल्या सुमारे १९०० जणींना तपासणीला बोलवावं, तेव्हा एकीचा मृत्यू टळतो. पन्नाशीत तेच काम सुमारे १३०० जणींत होतं. बाकीच्यांतल्या कित्येकींना मात्र उगाच धास्ती बसते. 'काहीतरी दिसतंय' म्हणून पुन्हा फोटो, मग सुई घालून तुकडा काढणं, रिपोर्ट येईपर्यंत झोप उडालेली, आणि शेवटी काहीच नाही. तरुण वयात स्तनातल्या पेशी दाट असतात, त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ लपूनही राहते. पुढे अमेरिकेत चाळिशीतल्या बायकांमध्ये हा आजार वाढलेला दिसला, कृष्णवर्णीय बायका तर लवकर आणि जास्त प्रमाणात दगावत होत्या. म्हणून हिशेब पुन्हा मांडला गेला.

असंच स्वतःच्या हाताने दर महिन्याला करायच्या तपासणीचंही झालं. आठवतंय का? पूर्वी अशाच पुरवण्यांमधून आरशासमोर उभ्या बाईची चित्रं आणि गोल गोल बाण छापून यायचे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर याचा मोठा अभ्यास झाला. २००२ मध्ये त्याचा निकाल आला. तपासणी शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत मृत्यू सारखेच. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र जास्त कापल्या गेल्या. त्यामुळे तारीख लावून करायचा तो 'नियम' आता मागे पडला. पण आपलं शरीर आपल्या ओळखीचं असावं, आंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना वेगळं काही जाणवलं तर लक्षात यावं, हे आजही तितकंच खरं आहे.

आणि मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. चाळीस, पन्नास, दोन वर्षं, तीन वर्षं, हे सगळे आकडे ज्या बाईला काहीही तक्रार नाही तिच्यासाठी आहेत. हाताला गाठ लागली, काखेत गोळा वाटला, कातडीला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी झाली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखं काही आलं, तर मग वय विचारायचं नाही. वय बत्तीस असो की बहात्तर, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. "दुखत नाही ना, मग काही नसेल" हे सगळ्यात फसवं वाक्य. कारण ही गाठ बऱ्याचदा दुखतच नाही. (आणि घाबरूनही जायचं नाही, कारण बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, शेजारणीने नव्हे.) आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला कमी वयात हा आजार झाला असेल, तर तुमच्यासाठी वेगळा विचार करावा लागतो. तेही डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

आता आपल्या घरचा आकडा. तो कुणाला माहीतच नाही! २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने नियम घालून दिला. ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक बाईची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी व्हावी. मॅमोग्राफीने नाही, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याच्या हाताने. संशय आला तरच पुढे सर्जनकडे, सोनोग्राफी-मॅमोग्राफीकडे. तोंड आणि गर्भाशयमुख यांची तपासणीही याच नियमात येते. पण झालं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा देशभरात शंभरात एकीचीही अशी तपासणी कधी झालेली नव्हती. ०.९ टक्के! तिकडे अमेरिका चाळीस की पन्नास यावर भांडते, आणि इकडे तिसाव्या वर्षाचा हक्क कागदावर पडून आहे.

"पण नुसत्या हाताने काय कळणार?" असं वाटेल. याचं उत्तर शोधलं गेलंय तेही आपल्या अगदी शेजारी, मुंबईत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात कॅन्सर निघालेल्या शंभर जणींपैकी ४७ जणींचा आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात गेलेला होता. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ वर आलं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणजे हात ही जादूची कांडी नाही. पण महागडं यंत्र नसताना, तालुक्याच्या गावातही होऊ शकेल असं याहून चांगलं दुसरं काय आहे आपल्याकडे?

मग हे घडत का नाही? एक अडचण आपल्या आतली आहे. लाज. पुरुष डॉक्टरसमोर ब्लाउज काढायचा म्हटलं की पाय मागे येतात. ही अडचण आजची नाही. १८६५ मध्ये कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी समुद्रापार जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे हे ओळखूनच. इतक्या वर्षांनी तिथल्याच लेकीसुनांनी त्याच लाजेपायी गाठ लपवावी? आणि ही तपासणी तर नर्सबाईच करणार आहे, तीही पाच-दहा मिनिटांत.

दुसरी अडचण वेळेची. डोंबिवली-कल्याणची नोकरदार बाई पहाटे उठून डबे भरते, लोकलमध्ये उभ्याने जाते, रात्री परतते. रविवारी कामांचा ढीग. दवाखाना उघडा असतो तेव्हा ती गाडीत असते! ही तिची चूक नाही. ही व्यवस्थेने सोडवायची गोष्ट आहे.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी. गाठ सापडल्यावर पुढे काय? २०२५ मध्ये १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान झालं, त्यात स्तनाच्या तपासणीचाही समावेश होता. चांगलंच झालं. पण शिबिराचं यश किती जणी आल्या यावर मोजू नये. संशय आलेल्या बाईचं निदान किती दिवसांत झालं, यावर मोजावं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हायला हवं. आपल्याकडे एक चिठ्ठी हातात मिळते, आणि मग सोनोग्राफी एकीकडे, सुईची तपासणी दुसरीकडे, शेवटी दादरला गाडी बदलून परळ. सोबत कुणी यायचं, रजा कुणी काढायची, यात महिने जातात. तपासणी झाली आणि उपचार लांबले, तर त्या तपासणीचा उपयोग काय?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, आपल्या पालिकांकडे आपण गुलाबी रोषणाई मागू नये. नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ किंवा रविवारची सकाळ बायकांच्या तपासणीसाठी राखून ठेवा, हे मागावं. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, यांपैकी कुठे कोणत्या दिवशी जायचं, पुढची तपासणी कुठे होणार, हे आशाताईंच्या हातात लिहून द्या. आणि गाठ सापडलेल्या बाईला निदान होईपर्यंत कुणीतरी फोन करत राहा. एवढंच. छोट्या गावातल्या मैत्रिणींनी हेच आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. पैशांच्या काळजीने घरी बसू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन येतं. फक्त रुग्णालय योजनेत आहे ना, हे आधी विचारून घ्या.

खाजगीत मॅमोग्राफी करणं परवडत असेल, तर चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून जरूर ठरवा. मात्र शेजारणीने केली म्हणून किंवा पॅकेजवर सूट आहे म्हणून नको.

या महिन्याच्या भिशीला किंवा बचत गटाच्या बैठकीला एक काम करा. तिशी ओलांडलेल्या किती जणींची ही तपासणी झालीय, हात वर करायला सांगा. मग सगळ्या मिळून जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, "आमची तपासणी कधी करताय?" एकटीला उद्या या म्हणतील. दहा जणींना तसं सांगणं जरा अवघड जातं.